दोन काळे खडे, एक दोर आणि एक छत्री



समीक्षा म्हटली की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. कोड्याची समीक्षा कुणी करत नाही. कोडं सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर उत्तर विचारायचं, ‘हात्तिच्या!’ म्हणायचं आणि चहाला उठायचं. आमचंही बरीच वर्षं हेच चालू होतं. आम्ही तिघं-चौघं मिळून सुट्टीच्या शिबिरांत मुलांचे कोड्यांचे तास घेतो. कोडं घालायचं, मुलांना झुंजवायचं, शेवटी विजयी चेहऱ्याने उत्तर सांगायचं. त्यात मजा होती, नाही असं नाही. पण एका तासाला एका मुलीने असं उत्तर दिलं की आम्ही ते चूक ठरवलं, आणि घरी परतताना आमच्या लक्षात आलं की चूक आमची होती. ती हकीकत आज सांगायची आहे. त्यासाठी तीन कोडी घेऊ: एक खड्यांचं, एक उंची मोजण्याचं आणि एक लिफ्टचं. बहुतेकांनी ती ऐकलेली असतील. ऐकलेली असली तर उत्तमच, कारण आज उत्तर शोधायचं नाहीये, उत्तरं तपासायची आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणला. हे गृहस्थ १९३३ साली माल्टात जन्मले, शिक्षणाने डॉक्टर, २०२१ मध्ये वारले. आपण त्याला ‘आडवा विचार’ म्हणू. आता ‘आडवा’ म्हटलं की आपल्याला आडमुठा, आडवळणी, वाटेत आडवा आलेला असलं काहीबाही आठवतं. इथे अर्थ साधा आहे. विहीर खणतोय, पाणी लागत नाही. तीच विहीर आणखी दहा फूट खाली नेणं हा उभा विचार. काठावर येऊन ‘जागाच चुकली नाही ना?’ असं बघणं हा आडवा.

आपल्याकडे कोड्यांची काही कमी नव्हती. उखाणे होते, हुमानं होती. पण त्यांत बहुधा एखादी वस्तू लपवलेली असते. दिवा, ताक, भुईमूग, सावली. वर्णन वेगळ्याच कशाचं तरी वाटतं आणि आत निघतो घरातला विळा. आडव्या विचाराच्या कोड्यात वस्तू नसते, घटना असते. काहीतरी विचित्र घडलंय आणि ते का घडलं, किंवा त्यातून कसं सुटायचं, हे विचारलेलं असतं. त्याची यंत्रणा एकाच वाक्यात सांगता येते. कोडं तुम्हाला चार गोष्टी सांगतं, पाचवी तुम्ही न सांगता धरून चालता, आणि घोटाळा त्या पाचवीत असतो.

आता पहिलं कोडं, खुद्द डी बोनोंनी सांगितलेलं. लंडनचा एक व्यापारी एका सावकाराचा देणेकरी असतो. कर्ज फेडलं नाही तर तुरुंग, असा तो काळ. ही धमकी पोकळ नव्हती बरं का. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये कर्जापायीच मार्शलसीच्या तुरुंगात जावं लागलं, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागावं लागलं. तर, हा म्हातारा सावकार व्यापाऱ्याच्या तरुण मुलीवर डोळा ठेवून आहे. तो म्हणतो, सगळं दैवावर सोडू. थैलीत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकतो. मुलीने न बघता एक काढायचा. काळा निघाला तर तिने माझ्याशी लग्न करायचं, कर्ज माफ. पांढरा निघाला तर लग्न नाही, तरीही कर्ज माफ. आणि खडा काढायला नकार दिला, तर बाप तुरुंगात. ही बोलणी चालली आहेत खडे पसरलेल्या बागेतल्या वाटेवर. सावकार वाकून दोन खडे उचलतो, आणि मुलगी बघते की त्याने दोन्ही काळेच उचललेत.

तिने काय करावं?

डी बोनो म्हणतात, उभा विचार करणाऱ्याला तीनच वाटा दिसतात. खडा काढायला नकार देणं, थैली उघडून लबाडी दाखवणं, किंवा बापासाठी काळा खडा काढून मोकळं होणं. तिन्ही वाटांचा शेवट वाईट. गोष्टीतली मुलगी चौथी वाट घेते. ती खडा काढते, आणि कुणी बघायच्या आत तो तिच्या हातातून निसटून वाटेवरच्या खड्यांत मिसळतो. “अगबाई, किती मी वेंधळी! पण असू दे, थैलीत उरलाय तो बघा ना, म्हणजे मी कुठला काढला होता ते कळेल.” थैलीत अर्थातच काळा. म्हणजे तिने काढलेला पांढरा!

यातली गंमत नीट बघा. सावकार प्रामाणिक असता, तर तिला सुटायची संधी अर्धी होती, एकास एक. त्याने लबाडी केली म्हणून ती पूर्ण झाली. त्याची लबाडी तिने उघड केली नाही, वापरली. आणि त्यासाठी हुशारीचा आव आणला नाही, उलट वेंधळेपणाचं सोंग घेतलं. सावकाराला आपलं बिंग न फोडता काही बोलता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! हे कोडं इतकं टिकलं ते यामुळेच. त्यात तर्क आहे तसं छोटंसं प्रहसनही आहे.

हे कोडं आम्ही आठवी-नववीच्या मुलांना घातलं. पंधरा मिनिटांत फळा भरला. त्यातली चार उत्तरं सांगतो.

एक मुलगा म्हणाला, “मी खडा काढून गिळून टाकीन.” वर्ग खदखदून हसला. पण तपासून बघा, उत्तर पक्कं आहे. खडा नाहीसा झाला, थैलीतला उरला, बघा काय उरलाय ते. डी बोनोंच्या उत्तराचंच हे पोटातलं रूप. दुसऱ्याने लगेच शंका काढली, “सावकार म्हणेल, काही घाई नाही, उद्या सकाळपर्यंत थांबतो.” (हशा) शंकाही रास्तच. उत्तरात एक गळती होती, ती त्याने दाखवून दिली. आमच्या मते हा शंकेखोर त्या दिवसाचा पहिला समीक्षक.

दुसरं उत्तर एका मुलीचं. ती म्हणाली, “मी थैलीत हात घालून दोन्ही खडे एकदम बाहेर काढीन, आणि म्हणेन, अय्या, दोन आले वाटतं!” हे उत्तर आम्हाला आजही फार आवडतं. लबाडी उघडी पडते, पण आरोप कुणी केलाच नाही. सगळं ‘चुकून’ झालं. मूळ उत्तरापेक्षा ते किती उजवं? इथे वजन करून बघावं लागतं. तिच्या वाटेने सत्य बाहेर येतं, पण मग सावकार खजील होऊन म्हणेल, बरं, आता खरोखरच एक काळा, एक पांढरा. म्हणजे संधी पुन्हा अर्धी. डी बोनोंची मुलगी सत्य झाकून ठेवते आणि पूर्ण सुटते. एका उत्तरात न्याय जास्त, दुसऱ्यात सुटका जास्त. कोड्यात असं काही असू शकतं हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसरं उत्तर, “मी बाबांना सांगीन, तुम्हीच करा लग्न.” सर्वांत मोठा हशा यालाच. पण हे उत्तर नव्हे. सावकाराची अट मुलीची आहे, ती बदलली की कोडंच बदलतं. हसू आलं म्हणजे उत्तर झालं असं नाही, हे मुलांनाही पटलं.

आणि चौथं. मागच्या बाकावरची एक मुलगी, तासभर गप्प होती. ती म्हणाली, “कर्ज बाबांचं आहे ना? मग तिने खडा काढायचाच का?”

कुणी हसलं नाही. आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, “नाही नाही, कोड्यात तसं चालत नाही. खेळ मान्य करून उत्तर द्यायचं.” आणि फळ्यावर ते लिहिलंसुद्धा नाही. नंतर मूळ उत्तर सांगितलं, टाळ्या झाल्या, तास संपला. ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती.

हे इथेच ठेवू आणि दुसऱ्या कोड्याकडे जाऊ, कारण आम्ही काय केलं होतं ते आम्हाला त्यातून समजलं.

अलेक्झांडर कलँड्रा हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत. त्यांचा ‘एंजल्स ऑन अ पिन’ नावाचा छोटा लेख ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये २१ डिसेंबर १९६८ रोजी आला होता. त्यात ते सांगतात की एका सहकाऱ्याने त्यांना पंच म्हणून बोलावलं. भौतिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता, बॅरोमीटरच्या मदतीने उंच इमारतीची उंची कशी काढता येईल ते दाखवा. बॅरोमीटर म्हणजे हवेचा दाब मोजायचं उपकरण. अपेक्षित उत्तर असं, की तळाशी आणि गच्चीवर दाब मोजा, फरकावरून उंची काढा. एका विद्यार्थ्याने लिहिलं, बॅरोमीटर घेऊन गच्चीवर जा, त्याला लांब दोर बांधा, रस्त्यापर्यंत खाली सोडा, परत वर ओढा आणि दोराची लांबी मोजा. ती इमारतीची उंची.

सहकारी म्हणतो शून्य. विद्यार्थी म्हणतो पैकीच्या पैकी. कलँड्रांची पंचाईत अशी, की उत्तर पूर्ण आहे, बरोबर आहे, पण त्यातून पोराला भौतिकशास्त्र येतं हे काही सिद्ध होत नाही. त्यांनी त्याला आणखी सहा मिनिटं दिली, फक्त या वेळी उत्तरात भौतिकशास्त्र दिसलं पाहिजे. पाच मिनिटं झाली, कागद कोरा. सोडून देतोस का, असं विचारल्यावर तो म्हणतो, नाही, उत्तरं बरीच आहेत, त्यांतलं चांगलं कुठलं याचा विचार चाललाय. शेवटच्या मिनिटात त्याने लिहिलं, बॅरोमीटर गच्चीवरून खाली टाका, पडायला किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचने मोजा, सूत्र वापरा, उंची काढा. सहकाऱ्याने हार मानली आणि विद्यार्थ्याला जवळजवळ पूर्ण गुण मिळाले.

निघताना कलँड्रांनी बाकीची उत्तरं विचारली. उन्हात बॅरोमीटरची सावली आणि इमारतीची सावली मोजून त्रैराशिक मांडा. जिना चढताना भिंतीवर बॅरोमीटरच्या मापाने खुणा करत जा आणि खुणा मोजा. बॅरोमीटर दोरीला बांधून लंबक करा, खाली आणि वर झुलवून गुरुत्वाकर्षणातला फरक काढा. आणि शेवटचं, इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे जाऊन म्हणा, “साहेब, हा सुंदर बॅरोमीटर तुम्हाला देतो, इमारतीची उंची तेवढी सांगा.”

आता गंमत म्हणून या उत्तरांना आपणच गुण देऊ. अचूकतेवर देऊ, कारण शेवटी उंचीच मोजायची आहे. दहा मजली इमारत धरा, साधारण ३३ मीटर. समुद्रसपाटीच्या आसपास दर ११ मीटर उंचीला पारा जवळपास १ मिलिमीटर उतरतो. म्हणजे तळ आणि गच्ची यांतला फरक मोठा ३ मिलिमीटर! वाचताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली, तर उंची मीटरभराने चुकते. ही झाली पुस्तकातली पद्धत. आता बॅरोमीटर खाली टाका. ३३ मीटर पडायला त्याला सुमारे २.६ सेकंद लागतात आणि जमिनीशी येताना त्याचा वेग सेकंदाला जवळपास २५ मीटर असतो. स्टॉपवॉचवर बोट पडायला सेकंदाच्या दोन दशांशाचा उशीर झाला, की चूक ५ मीटर, म्हणजे दीड मजला. शिवाय बॅरोमीटर गेला तो गेलाच. लंबकाचं उत्तर तत्त्वात बरोबर, पण एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षणातला फरक जेमतेम लाखात एक भाग. ते पोरगं तिथे सरळ सरळ चेष्टा करतंय. आणि दोर? थोडा ताणला जाईल, वाऱ्याने हलेल, तरी चूक हातभराच्या आत राहील.

म्हणजे बघा, ज्या उत्तराला शून्य मिळणार होतं ते या तिघांत सर्वांत अचूक, आणि ज्याला जवळजवळ पूर्ण गुण मिळाले ते सर्वांत ढोबळ. परीक्षकाला उंची नकोच होती. त्याला त्याचं सूत्र ऐकायचं होतं. त्या विद्यार्थ्याला अपेक्षित उत्तर ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, त्याने तसं कबूलही केलं. पण विचार कसा करायचा हे शिकवू पाहणाऱ्या मास्तरांना तो कंटाळला होता.

ही हकीकत आज मोबाईलवर फिरते ती वेगळ्या रूपात. त्यात विद्यार्थी असतो नील्स बोर आणि पंच असतात रदरफर्ड. लेखात विद्यार्थ्याचं नाव नाही. बोर कोपनहेगनला शिकले, १९११ मध्ये तिथेच डॉक्टरेट झाले आणि १९१२ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे गेले. तोवर त्यांच्या परीक्षा केव्हाच संपल्या होत्या. पण ही भर पडली का, याचा विचार करण्यासारखा आहे. आपल्याला त्या निनावी पोराचं हसणं तसंच्या तसं पचत नाही. ‘पुढे नोबेल मिळालं ना, मग बरोबरच असणार’ असा शिक्का लागतो. म्हणजे परीक्षक बदलला, इतकंच. ज्याला पुढे काहीच मिळालं नाही, त्याचा दोरही तितकाच बरोबर मापतो, हे म्हणायचं राहूनच गेलं.

हा लेख आम्ही त्या तासानंतर पुन्हा वाचला आणि वाचताना मान खाली गेली. त्यातला शून्य देणारा सहकारी म्हणजे आम्हीच. आम्हाला मुलीची सुटका नको होती. आम्हाला आमचा निसटलेला खडा ऐकायचा होता.

इथून पुढे एक गोष्ट आम्हाला सगळीकडे दिसायला लागली. या कोड्यांत नेहमी एक तिसरा माणूस असतो. बरोबर-चूक ठरवायचा हक्क त्याच्याकडे असतो. खड्यांच्या कोड्यात सावकार, बॅरोमीटरच्या कोड्यात परीक्षक, आणि आपल्या अकबर-बिरबलाच्या गोष्टींत बादशहा. ती रेघेची गोष्ट आठवा. बादशहा जमिनीवर रेघ ओढतो, हात न लावता लहान कर म्हणतो. बिरबल शेजारी मोठी रेघ ओढतो. दरबार हसतो, बादशहाही हसतो. आणि बादशहाने हसणं फार महत्त्वाचं आहे, कारण तो हसला नाही तर ते उत्तर उद्धटपणा ठरेल! दुबळ्या बाजूचा माणूस हुकूम मोडत नाही. हुकूम इतका तंतोतंत पाळतो की हुकूमच हास्यास्पद होतो. विनोद ही त्याची ढाल असते.

पण ढालीलाही मर्यादा असते. गोष्टीतला बिरबल दरबारात कधी हरत नाही. इतिहासातला बिरबल १५८६ मध्ये वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात युसुफझाईंविरुद्धच्या मोहिमेत मारला गेला. तिथे समोर हसणारा बादशहा नव्हता. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला बहुधा हेच म्हणायचं होतं. सावकार हसला नाही तर? उद्या दुसरी थैली घेऊन आला तर? हुशारीने एक डाव जिंकता येतो. डाव मांडायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न तसाच राहतो.

आता तिसरं कोडं, लिफ्टचं. एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी लिफ्टने थेट तळमजल्यावर येतो. संध्याकाळी परतताना मात्र लिफ्टने सातव्या मजल्यापर्यंतच जातो आणि उरलेले तीन मजले चढतो. फक्त लिफ्टमध्ये बरोबर कुणी असलं किंवा पावसाचा दिवस असला, तर दहाव्यापर्यंत जातो. का?

ठरलेलं उत्तर असं, की तो फार बुटका आहे. त्याचा हात सातव्या मजल्याच्या बटणापर्यंतच पोचतो. बरोबर कुणी असलं तर ते बटण दाबतं, पाऊस असला तर हातात छत्री असते.

या उत्तराचा गुण आधी सांगू. एकच कारण, आणि दोन्ही विचित्र गोष्टी सुटतात. हा काटकसरीपणा सोपा नाही. छत्री डोक्यात येते तो क्षण खरोखर सुंदर आहे. आम्ही स्वतः हे कोडं अनेकदा घातलंय आणि छत्रीला दाद घेतली आहे.

मुलांनी यावर काय उत्तरं दिली? डॉक्टरांनी तीन मजले चढायला सांगितलंय. बरोबर कुणी असलं तर गप्पांत सातवा मजला निघून जातो. “आणि पावसात?” आम्ही विचारलं. मुलगा म्हणाला, “आमच्याही बिल्डिंगमध्ये पावसात जिना गळतो.” (हशा) मुंबईत राहणाऱ्याला हे उत्तर छत्रीपेक्षा जवळचं वाटेल! दिलेल्या एकाही गोष्टीला धक्का लागत नाही. तर्काच्या दृष्टीने ते पूर्ण बरोबर आहे. फक्त कारणं तीन लागली, एकाने भागलं नाही. म्हणून आम्ही त्याला छत्रीपेक्षा थोडं खाली ठेवू, पण शून्य? मुळीच नाही.

मात्र ठरलेल्या उत्तरात दुसरं काहीतरी खुपतं. खड्यांच्या कोड्यात हसू सावकारावर होतं. बॅरोमीटरच्या कोड्यात परीक्षकावर. इथे कुणावर आहे? रोज तीन मजले चढणाऱ्या त्या माणसावर. इथे सावकार नाही, बादशहा नाही, फक्त तो आणि ते बटण. आणि त्याची उंची हीच कोड्याची ‘गंमत’. शिबिरात एक मुलगा असा होता की ज्याची उंची वाढणार नव्हती, आणि ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. आम्ही उत्तर सांगितलं तेव्हा तीस माना एकदम त्याच्याकडे वळल्या. तो हसला. हसण्यावाचून त्याला काही मार्गच ठेवला नव्हता आम्ही. मग तो म्हणाला, “तो माणूस बुटका नाहीये. लिफ्टवाल्याने बटणं उंच लावलीत.”

आम्ही आजवर ऐकलेलं या कोड्याचं हे सर्वांत आडवं उत्तर. कोडं विचारतं, हा माणूस असा का वागतो? तो म्हणाला, माणसाचं सोडा, भिंतीकडे बघा. तथ्यं तीच, कारण एकच, छत्रीही तिथेच. फक्त दोष माणसाच्या अंगावरून उचलून पाटीवर ठेवला. आणि हसू पुन्हा वरच्या दिशेला गेलं, ज्याने दहाव्या मजल्याचं बटण कुणाकुणाच्या हाताला लागेल याचा विचारच केला नाही त्याच्यावर.

आम्हाला नंतर श्रोते विचारतात, मग ठरलेलं उत्तर असूच नये का? काहीही चालवून घ्यायचं? तर नाही. काहीही चाललं तर खेळ मोडतो. ‘तो उडत जातो’ हे उत्तर नव्हे, ‘तुम्हीच करा लग्न’ हेही नव्हे. आम्ही आता प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारतो. पहिला, दिलेल्या गोष्टींपैकी एखादी मोडली का? मोडली असेल, तर कितीही हसू आलं तरी ते उत्तर नाही. दुसरा, कारणं किती लागली? कमी कारणांत जास्त सुटलं तर ते अधिक चांगलं. आणि तिसरा, हसू कुणाच्या जिवावर आलं? पहिले दोन प्रश्न तर्काचे, म्हणून सगळे विचारतात. तिसरा सहसा कुणी विचारत नाही, आणि भर वर्गात तर त्याचीच गरज जास्त असते.

याशिवाय फळ्यावर उजवीकडे आता एक वेगळा रकाना असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘प्रश्नालाच प्रश्न’. त्या मुलीचं वाक्य आता दर वेळी आम्ही तिथे पहिलं लिहितो, “तिने खडा काढायचाच का?” त्याला गुण देत नाही, कारण ते कोड्याचं उत्तर नाही, हे आजही खरं आहे. पण ते पुसतही नाही. तास संपताना त्यावर पाच मिनिटं बोलतो. ती मुलगी पुन्हा शिबिराला आली नाही. आली असती तर तिला सांगितलं असतं.

जाता जाता एक काम देतो. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये आता दाब मोजणारा सेन्सर असतो, तो दाखवणारी ॲप फुकट मिळतात. घरातल्या मुलांना सांगा, आपल्या इमारतीची उंची काढा, जितक्या तऱ्हांनी जमेल तितक्या तऱ्हांनी. दाबाने काढा, सावलीने काढा, पायऱ्या मोजून काढा. गच्चीवर जायचं तर मोठं कुणीतरी बरोबर असू द्या, आणि फोन खाली टाकायची पद्धत तेवढी वगळा. (हशा) आलेले आकडे शेजारी शेजारी लिहा आणि कुठला जास्त भरवशाचा, का, यावर भांडा. आणि एखादं पोर वॉचमनकाकांना विचारून आलं, तर त्याला ओरडू नका. विचारा, “त्यांना कसं कळलं?”